चंदेरी चाके

गिरणीच्या संपाला आठवा महिना लागला, तेव्हा घाटकोपरच्या काशीरामने कोणासही न कळविता गिरणीत पुन्हा रात्रपाळी धरली. संप फुटू नये म्हणून धोंडिराम आणि त्याचे सोबती नाक्यावर पहारा देत. त्यांच्या दृष्टीस पडू नये यासाठी काशीरामने सायकलचा दिवाच काढून ठेवला. घरी त्याने सांगितले की, आपणास वखारीत पहारेकऱ्याचे काम मिळाले आहे आणि दिवा चोरीस गेला आहे.

एका संध्याकाळी तो चाळीचा जिना उतरून खाली आला, तो सायकलच्या दोन्ही चाकांच्या तारांत सिगारेटच्या पाकिटांतील चंदेरी कागद दाट गुंफलेला! शेजारी त्याची आठ वर्षांची मीरा उभी होती.

"बाबा, आता बाजूने ट्रक आला ना, तरी तुम्ही अंधारात चमकाल!"

"काढ ते. आधी काढ, मीरा."

"का हो? आठ दिवस खपले मी!"

काशीराम चाकापाशी वाकला. "एवढा कागद आणलास कुठून गं?"

 

"नाक्यावरच्या धोंडूकाकांनी दिला. म्हणाले, 'लाव पोरी, म्हणजे तुझा बाप आम्हांला लांबूनच दिसेल.'"