भुऱ्याजवळ कोण बसणार

भुऱ्या कुत्र्याचे मागचे पाय गेल्यापासून दिपमाला धड झोपली नव्हती. डॉक्टरांनी तिला झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या, पण गाढ झोप लागली तर त्याचं कण्हणं ऐकू येणार नाही, म्हणून ती त्या घेतच नव्हती. हल्ली दूध उतू गेलं तरी तिला रडू यायचं.

शेवटी शेजारच्या कमलबाईंनीच तिची पिशवी भरली. "तू बहिनकडे जाय. मी शे ना आठे, भुऱ्याजवळ."

दिपमाला धुळ्याला गेली. पहिल्या दिवशी तिने इतके फोन केले की कमलबाईंनी उचलणंच बंद केलं. मग मात्र ती गोळी घेऊन झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारीच उठली, आणि बहिणीच्या हातचं भरीत मागून मागून जेवली.

पारोळ्याला परतताना तिला अपराधी वाटत होतं. घरी येऊन पाहते तर भुऱ्या कमलबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेला, आणि त्या त्याला सुरतला गेलेल्या आपल्या मुलाच्या लहानपणीची गंमत सांगत होत्या.

"अक्का, फार त्रास दिला का हो त्याने?"

"परत कधी जाशी?" कमलबाईंनी विचारलं. "दोन दिन मनं बोलनं ऐकाले कोनीतरी व्हतं."