वरचं मशीन

"सोनं म्हणजे म्हातारा नवरा," रमाबाई मावशी कणीक मळता मळता पुटपुटल्या. "घरात आहे म्हणायचं. वाढत काही नाही."

ओट्यापाशी दाटीवाटीनं उभं राहिल्यामुळे एवढं उपासनाला ऐकू आलं. ती हसली. "मावशी, तुमच्या पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. भाव उतरला तरी पाटल्या त्याच."

मावशींनी बोटाचं पीठ परातीच्या काठाला पुसलं. "वरचं मशीन चालू आहे ना गं?"

सगळे हेच विचारत. टेक्ससमधल्या शुगर लँडच्या या घरात, वरच्या मजल्यावरच्या क्लोजेटमध्ये, म्हणजे कपाटाच्या कुलूपबंद खोलीत, हवेतलं पाणी ओढणारं मशीन चार वर्षं घरघरत होतं. इथल्या दमट हवेत ग्रंथांना बुरशी लागते, असं तिच्या नवऱ्याचं, ईश्वरचं म्हणणं. किल्ली त्याच्याच जुडग्यात. दर रविवारी घरी येणारा प्रफुल्ल ऑफिसातून फोन करायचा तेव्हाही, "वहिनी, आज ह्युमिडिटी फार आहे, मशीन बघा हं." आपल्या माणसांचं पुस्तकांवर केवढं प्रेम, असं वाटून उपासनाला भरून यायचं.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात अकरा बायकांनी बुद्धविहारासाठी अंगावरचे दागिने काढून दिले होते. पहिली बोरमाळ उपासनाची, तिच्या आईची. खजिनदार ईश्वर. तेव्हापासून रविवारची वंदना इथेच. वंदना झाली की मोठी माणसं हॉलमध्ये मीटिंगला बसत आणि उपासना मुलांना घेऊन आतल्या खोलीत जाई.

"उपासकानं पाच व्यापार करायचे नाहीत," ती शिकवायची. "पहिला शस्त्रांचा."

"बट मावशी," मैत्रीची मुलगी निधी म्हणायची, "इन टेक्सस एव्हरीबडी हॅज अ गन!"

"असू देत. आपण विकायची नाही."

त्या बुधवारी ईश्वर डॅलसला गेला होता. मशीनची बादली भरून वाहिली आणि जेवणाच्या टेबलावर छतातून पाणी ठिबकायला लागलं. उपासनानं हातोडी घेतली, क्लोजेटच्या बिजागऱ्यांच्या खिळ्या ठोकून काढल्या आणि दार उचलून भिंतीला टेकवलं.

आत एकही पुस्तक नव्हतं.

तेलाचा वास होता. रायफली होत्या, कोऱ्या खोक्यांत, एकावर एक. काडतुसांच्या हिरव्या पेट्या छताला भिडलेल्या. तिनं आधी बादली रिकामी केली. मग जिन्याच्या पायरीवर बसली.

शुक्रवारी ईश्वरनं दारात बॅग ठेवली, तिचा चेहरा पाहिला आणि बूट न काढताच खुर्चीत बसला.

"एवढ्या बंदुकांना पैसा कुठून आणलात? दागिने कुठे आहेत?"

"विकले. चौऱ्याण्णवमध्येच. अशा रायफलींवर सरकारची बंदी येणार हे तेव्हा सगळीकडे बोलत होते. बंदीच्या आधी बनवलेला माल विकायला मोकळीक आहे, आणि तसा नवा आता बनत नाही. दर वर्षी भाव चढतोय. सोनं बघ कुठे गेलंय."

"माझी बोरमाळ?"

"तीही."

"कुणाला विचारलंत?"

तो बुटाच्या नाड्या सोडायला लागला. "जबाबदारी माझी आहे, उपासना. दुसऱ्या कुणाला यात ओढू नकोस. पुढच्या महिन्यात माल जातोय. तीन एकर जागा ठरली आहे. विहार उभा राहील."

"त्या पैशांवर?"

त्यानं बूट उचलले आणि तो आत गेला.

नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडायचं म्हणजे आपलंच घर उघडं पाडायचं, हे तिला कळत होतं. पण मावशींच्या पीठ लागलेल्या रिकाम्या मनगटांकडे दर रविवारी कसं बघायचं? त्या बाईनं तीस वर्षं शाळा झाडून त्या पाटल्या केल्या होत्या. त्यांना कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

रविवारी वंदना झाली. मुलं आतल्या खोलीकडे पळाली. उपासना मात्र हॉलमध्येच उभी राहिली.

"ताई, मुलं वाट बघतायत," मैत्री म्हणाली.

"बघू देत."

तिनं सगळं सांगितलं. बादली, बिजागऱ्या, खोकी, पेट्या. एक शब्द गाळला नाही. "लॉकरमध्ये काही नाही. तुमचे सगळ्यांचे दागिने यांनी बंदुकांत घातले. मला माहीत नव्हतं. पण मी यांची बायको आहे, म्हणून माफी मी मागते."

ईश्वर खाली बघत होता. प्रफुल्ल चष्मा पुसत होता, पुसलेलाच पुन्हा. मैत्रीनं सतरंजीची सुरकुती हातानं सरळ केली. कुणी 'काय!' असंसुद्धा म्हणालं नाही.

"अहो, कुणीतरी शिव्या तरी द्या यांना!"

रमाबाई मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या, तिच्याजवळ आल्या आणि त्यांनी तिचा दंड धरला.

"बस, बाळ. त्याला बोल लावू नकोस. बंदुका घ्यायचा ठराव मीच मांडला होता, याच खोलीत. आणि तुला सांगायचं नाही, असा दुसरा. दोन्ही एकमतानं झाले."