आखूड केस

उरवड्याच्या कारखान्यात नंदाची वेणी मशीनमध्ये अडकली. ती मुळापासून कापूनच तिला सोडवावं लागलं. तेव्हापासून नंदा घरातही डोक्याचा स्कार्फ सोडत नव्हती.

एका दुपारी तिची भाडेकरू शर्वरी लॅपटॉपवर जुना फ्रेंच सिनेमा बघत होती. त्यातली आखूड केसांची नायिका खिडकीशी एकटीच कॉफी पीत बसली होती.

"हिचं केस कशात गेलं?" नंदानं विचारलं.

"कशात नाही, ताई. तिनं हौसेनं कापलेत."

नंदानं सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. दुसऱ्या दिवशी ती पिरंगुटच्या पार्लरमध्ये जाऊन आरशासमोर बसली.

वेडेवाकडे वाढलेले केस बघून पार्लरवालीनं हळूच विचारलं, "कुठपर्यंत कापू?"

नंदाला रडू फुटलं.

"दुखलं का काही?"

"न्हाई. तुमी इचारलंत. मशिनीनं इचारलं न्हवतं."