ठकूबाईचं तेरावं

ठकूबाई गेल्याचं मंगळवारी सकाळी गावाला कळलं. मढं घरात होतं, तरी देवळात कौलाला रांग लागलीच. तीस वर्षं तिच्या अंगात देवी येई. देवस्थानाने तिचं सगळं बोलणं यंत्रात भरून घेतलं होतं, आणि आता ते यंत्रच तिच्या आवाजात कौल देई.

आठवड्याने तिचा नवरा कोंडिबा तेराव्याचं आवतण द्यायला आला. गुरवाने यंत्रालाच विचारलं, "आई, कशी आहेस?"

"मी बरी आहे."

"ऐकलंस, कोंडिबा? जित्या बाईचं तेरावं घालतोस?"

"अरे बैलांनो, तापाने फणफणली तरी ती हेच म्हणायची! कधी दुसऱ्यांदा विचारलंत?"

रांगेतला पुढचा माणूस नारळ घेऊन सरकला.

ठकूबाईचं तेरावं अजून व्हायचं आहे.