सात नंबर

भावाने गाडीचं मागचं दार उघडलं तेव्हा डबल बास, माणसाहून उंच व्हायोलिनसारखं ते वाद्य, कुशीवर कलंडला होता आणि तारा पेलणारी त्याची घोडी उडून कोपऱ्यात जाऊन पडली होती. चारही तारा लोंबत होत्या. तिने ते धूड मानेला धरून उभं केलं, हलकेच हलवलं. त्याच्या पोटात काहीतरी गडगडलं.

"टेकू पडला," ती म्हणाली.

"मग बसव ना. घोडी तर तू नेहमीच बसवतेस."

"घोडी मी बसवते, दादा. टेकू दुरुस्तीवाला बसवतो."

बासच्या पोटात, पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये, अंगठ्याएवढा जाड लाकडी दांडा असतो. ना गोंद, ना खिळा. नुसता दाबाने उभा. तो नसताना तारा ताणल्या तर पुढची फळी खचते. वाटेत कुत्रं आडवं आलं, भावाने करकचून ब्रेक मारला, एवढंच झालं होतं.

अकरा वर्षं ती या वाद्यवृंदात बदली वादक होती. कोणी आजारी पडलं की तिला बोलावणं यायचं. कायमची जागा सहा वर्षांनी निघाली होती, वयाची अट चाळीस, आणि तिला चाळीस पूर्ण व्हायला सतरा दिवस उरले होते. आज त्या जागेची चाचणी होती. तिचा नंबर सातवा. आत चौथा वाजवत होता.

तिने व्हरांड्यात भावाचं जाकीट अंथरलं, त्यावर बास आडवा केला. भावाने कपडे बदलायच्या खोलीतून तारेचा हँगर पळवून आणला, तिने तो दाताखाली धरून वाकवला. बासच्या पुढच्या फळीतल्या भोकातून हँगरच्या टोकाने टेकू उभा करायचा, तो अर्धवट उभा राहायचा आणि पुन्हा आडवा व्हायचा.

बाकावर आठ नंबरचा बसला होता. सगळे त्याला लंबू म्हणत. गेली कित्येक वर्षं तो आणि ती बदलीच्या एकाच कामावर टपलेले असत.

"तुझा बास दे," ती म्हणाली. "वीस मिनिटं."

लंबूने पेटीवरचा हात काढला नाही. "तुझ्या मागोमाग माझाच नंबर आहे."

"माहीत आहे."

"काही झालं तर मी काय वाजवू? नाही गं. खरंच नाही."

भावाने हात जोडले. "साहेब, चूक माझी आहे हो. तिला कशाला शिक्षा?"

"दादा, गप्प बस. मी पण दिला नसता."

 मग लंबू उठून इस्त्रीच्या शर्टासकट जमिनीवर पालथा पडला आणि त्याने मोबाइलची बॅटरी भोकाशी धरली. "डावीकडे घे. अजून. हं... गेला. परत."

नवव्या खेपेला टेकू उभा राहिला. जरा तिरका, पण उभा. तिने घोडी लावली आणि तारा थोड्या थोड्या करत ताणल्या. कपाळावरचा घाम पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"सात नंबर!" शिपायाने हाक मारली.

"पाच मिनिटं द्या."

"नंबर पुढेमागे होत नाही, ताई. आणि आत चकार शब्द काढायचा नाही. पडद्यापलीकडे बाई आहे की बुवा, तेसुद्धा त्यांना कळता कामा नये. बोललात की बाद."

"पण वाद्य पडलंय, हे तरी सांगू दे..."

"बाद," शिपाई म्हणाला, आणि तिला बास नेता यावा म्हणून दोन्ही दारं त्याने स्वतः धरून ठेवली.

आत काळा पडदा होता, स्टूल होतं आणि कागद ठेवायचा स्टँड. पहिला तुकडा छान झाला, घरी व्हायचा त्याहून छान. दुसऱ्या तुकड्यात खालच्या तारेवर पूर्ण गज ओढायचा होता. ओढला, आणि आत टक् झालं.

कानाआधी हाताला कळलं. आवाज पोकळ झाला. तारा खाली बसून पट्टीवर खडखडू लागल्या. आता थांबायला हवं होतं, तारा ढिल्या करायला हव्या होत्या. तीनच शब्दांचं काम होतं: टेकू पडला, थांबते. बोललं की बाद. पडद्यापलीकडे कोणीतरी खाकरलं. त्यांना परवानगी होती.

तिने पान उलटलं आणि तिसरा तुकडा सुरू केला. खालची तार टाळत, वरच्या तारांवर, गज जेमतेम टेकवत. लाकूड करकरायला लागलं. शेवटच्या ओळीत वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. ती शेवटच्या सुरापर्यंत वाजवत राहिली.

"धन्यवाद," पडदा म्हणाला.

बाहेर भावाने तिचं तोंड पाहिलं आणि बास आपल्या हातात घेतला. मग त्याला चीर दिसली. भोकापासून तळापर्यंत गेलेली, नख आत जाईल एवढी. तो चिरेवरून बोट फिरवत राहिला. आत लंबू तेच तीन तुकडे वाजवत होता. त्याने वाईट वाजवले असते तर बरं झालं असतं. तो चांगला वाजवत होता.

तासाभराने दारावर कागद लागला. नंबर आठ. गर्दीत लंबूने तिला शोधलं, पण तो जवळ आला नाही.

भाऊबहीण बास उचलून गाडीकडे निघाले, ती मानेकडून, तो बुडाकडून. तेवढ्यात मागून वाद्यवृंदाचे व्यवस्थापक धावत आले. दिवसभर ते दुसऱ्याच इमारतीत होते.

"बरं झालं सापडलात! शनिवारच्या कार्यक्रमाला बासवाला एक कमी पडतोय. याल ना? वाद्य मात्र तुमचं तुम्ही आणायचं."

भावाने तिच्याकडे पाहिलं. तिने बास फिरवून चिरेची बाजू आपल्या अंगाकडे घेतली.

"किती वाजता?" तिने विचारलं.