टिकलीची साखर

मुक्या जिवासाठी पुंडलिक पाटलांनी साखरेचा त्याग केला, असं रामवाडीत आदराने बोललं जातं. त्याग म्हणजे, इंदुबाईंनी साखरेचा डबा उचलून शेजारच्या आसियाच्या कपाटात ठेवला आणि नवऱ्याला संध्याकाळी कळवलं.

"टिकलीला साखर झालीय," त्या म्हणाल्या.

"मांजराला?"

"रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. जनावरांच्या."

टिकली चुलीपाशी पाय चाटत बसली होती. दोन दिवस ओकत होती म्हणून इंदुबाई तिला मासळीच्या टोपलीत घालून रोह्याला नेऊन आल्या होत्या. जनावरांचा दवाखाना पेणमध्येही होता. पण पेणमध्ये इंदुबाईंची बहीण नव्हती. रोह्याला धोंडुबाईकडे जेवण फुकट, मुक्काम फुकट.

"मग माझी साखर का बंद?"

"तुमची बशी कोण चाटतं?"

लेक सासरी गेल्यापासून बशीतला शेवटचा घोट टिकलीचा होता.

"पथ्याने उतरली तर ठीक," इंदुबाई म्हणाल्या. "नाय तर रोज सुई. ती आपल्याला परवडायची नाय. आणि तशीच ठेवली तर आधी डोळे जातात म्हणाल्या."

गणपतीच्या कारखान्यात पुंडलिक मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचे. डोळे जाणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच आठवड्यात कारखान्याचे मालक कमळाकरशेठनी त्यांची एक मूर्ती परत आणून समोर ठेवली होती. "पुंडलिकभाऊ, बाप्पा एका डोळ्याने मोदक बघतोय नि दुसऱ्याने उंदीर." पुंडलिकांनी कुंचल्याला शिव्या घातल्या होत्या.

"जाऊ देनार नाय तिचे डोळे," ते म्हणाले आणि बिनसाखरेचा चहा एका दमात प्यायले. तोंड असं झालं की टिकलीसुद्धा बघत राहिली.

मग भात गेला. ताटात भात दिसला की टिकली ओरडायची, आणि ती ओरडली की पुंडलिकांना घास गिळवत नसे. नाचणीच्या भाकरीला ती तोंड लावत नव्हती, म्हणून घरात नाचणीची भाकरी. व्यायाम हवा म्हणून रोज खाडीच्या बांधावर फेरी. टिकली पहिल्या चिंचेपर्यंत जायची आणि बसायची. पुंडलिक तिला कसं चालायचं ते दाखवत बंदराच्या वळणापर्यंत जाऊन यायचे.

साखर मोजायचं मशीन धोंडुबाईच्या घरून आलं. पट्ट्या महाग, म्हणून आठवड्याला एकदाच मोजायचं ठरलं.

"आधी तुमच्या बोटावर," इंदुबाई म्हणाल्या. "जुनं मशीन हाय. चालतं का नाय ते बघाया नको? उगाच तिच्या कानाला टोचायचं."

गेल्या वर्षी कारखान्यात रक्ततपासणीचं शिबिर लागलं, तेव्हा पुंडलिक जेवणाचा डबा तिथेच टाकून मागच्या दाराने घरी आले होते. टिकलीसाठी त्यांनी डोळे मिटून बोट पुढे केलं.

आकडा तीनशेच्या वर गेला.

"हा काय आकडा गो?"

"मांजराचं मशीन ते. माणसाला कायपण दाखवतं."

टिकलीचं रक्त इंदुबाई दुपारी काढायच्या, पुंडलिक कारखान्यात असताना. पुरुषमाणूस समोर असला की ती म्हणे कान देत नसे. संध्याकाळी आकडा कळायचा. तो कमी आला की पुंडलिक तिला मांडीवर घेऊन मानेखाली खाजवत बसायचे, जास्त आला की नवरा-बायको दोघंही भाकरी अर्धी टाकायचे.

ईदला आसियाने शीरखुर्म्याचा वाडगा आणला. पुंडलिकांनी हात जोडले.

"नको गो. घरात साखर हाय."

"कोणाला, चाचा?"

"टिकलीला."

आसियाने इंदुबाईंकडे पाहिलं. इंदुबाईंनी भाकरी उलटली. "अल्ला बरं करो," म्हणत आसिया वाडगा परत घेऊन गेली.

हळूहळू आकडे उतरले. पुंडलिकांच्या बोटावरचेसुद्धा; मशीन सुधारतंय, असं त्यांचं मत पडलं. कारखान्यात बाप्पांचे दोन्ही डोळे पुन्हा एकाच भक्ताकडे बघू लागले. आता सुई टळली का, एवढंच डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकायचं होतं.

नेमका इंदुबाईंचा गुडघा सुजला.

"पुढच्या महिन्यात मी नेते," त्या म्हणाल्या.

"पुढच्या महिन्यात कशाला? मी नाय का?"

"तुम्हाला काय कळतंय तिथलं?"

पण तोवर टिकली टोपलीत आणि पुंडलिक चपलांत होते. गाडीत टिकली नागोठण्यापर्यंत ओरडली. दवाखान्यात दोन शेळ्यांच्या मागे त्यांचा नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी टिकलीला नीट तपासलं, पुंडलिकांना बरंच काही विचारलं. बाहेर येऊन ते टोपली मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिले. एक गाडी सोडली. मग आणखी एक काम उरकून पुढच्या गाडीने परतले.

इंदुबाई सुजल्या गुडघ्याने दारातच उभ्या होत्या.

"काय म्हणाल्या?"

"उतरलीय म्हणाल्या. पण पथ्य सोडायचं नाय." त्यांनी खिशातून पाकीट काढलं. "नि या गोळ्या दिल्यात."

"टिकलीला?"

"तिलाच. पण रोज मी खायच्या. तिच्यासमोर."

इंदुबाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. त्यावर रोह्याच्या दवाखान्याचा शिक्का होता. माणसांच्या.

"तसंच करतात," त्या म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसत आत गेल्या.

बिनसाखरेचा चहा आला. पुंडलिकांनी तो बशीत ओतला, शेवटचा घोट राखला आणि बशी खाली ठेवली. टिकलीने वास घेतला आणि ती निघून गेली.

डॉक्टरीणबाईंनी तिला त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं होतं. तिला साखर नव्हती. जंत होते.