त्रेसष्ट सालची पोर्ट

बूच निम्म्यावरच तुटलं.

"राहू दे," कुसुम म्हणाली. "जुनं बूच तुटतंच. उरलेलं आत ढकल. आपण गाळूनच घेणार आहोत."

शुभंकरने आईकडे पाहिलं. तो अमेरिकेहून आल्यापासून ती इतकं सलग पहिल्यांदाच बोलत होती.

बाटली त्रेसष्ट सालची होती. पोर्तुगालची गोड पोर्ट वाइन, ब्रँडी घालून टिकवलेली. कॉम्प्युटर कंपनीने पंच्याण्णव साली ज्ञानदेवरावांना लंडनला धाडलं, तेव्हा त्यांनी ती स्वेटरमध्ये गुंडाळून आणली. इतर लोक परफ्युम आणि चॉकलेटं आणत.

त्यानंतर अकरा वर्षं कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये माणसांपेक्षा बाटलीचा मान मोठा होता. उभी ठेवायची नाही, बूच सुकतं. उजेड नको, फ्रिज नको, धक्का नको. ओट्याखाली, पाण्याच्या पिंपामागे ती आडवी निजलेली असे. चैत्र लागला की कुसुम तिच्याभोवती गोणपाट गुंडाळी आणि दिवसातून दोनदा भिजवी.

"माझी सवत आहे ती," कुसुम शेजारणींना सांगे. "पण सवतीची एवढी सेवा कोण करतं?"

ज्ञानदेवराव पाहुण्यांना बाटली लांबूनच दाखवत. बढती मिळाली, उघडली नाही. शुभंकरचं लग्न झालं, तरी नाही. "पिकू दे अजून," म्हणत.

आणि परवा-परवा, बारा दिवसांपूर्वी, ते आपणहून म्हणाले, "कुसुम, आज उघडू या. घोटभरच दे."

"साखर तीनशेच्या वर आहे तुमची. आणि ही म्हणजे निव्वळ पाक."

"घोटभराने काय होतंय?"

"नाही म्हणजे नाही."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पुन्हा ते तिच्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून कुसुमला धड भूक नव्हती की झोप नव्हती. कशाचंच काही वाटत नव्हतं. डोक्यात एकच होतं. आज त्यांनी तिच्या हातची एवढी घ्यावी, म्हणजे राग गेला असं समजता येईल.

"बाबा घेतील?" शुभंकरने विचारलं.

"काय सांगावं? हट्टी आहेत."

गाळ तळाशी बसावा म्हणून तिने काल सकाळीच बाटली उभी करून ठेवली होती. आता काचेच्या जगवर तिने धुतलेलं मलमलचं फडकं धरलं आणि दुसऱ्या हाताने बाटलीच्या मानेमागे टॉर्च. शुभंकर ओतू लागला.

"सावकाश. धारेत काळं दिसलं की थांब."

तळाची दोन बोटं गाळासकट बाटलीतच राहिली. जगमध्ये विटेच्या रंगाची वाइन उतरली. काळ्या मनुकांचा आणि अक्रोडाचा वास स्वयंपाकघरभर पसरला.

"बर्फ घ्यायचा बरोबर?"

"हे बाबांसमोर विचारलं असतंस, तर घराबाहेर काढलं असतं तुला."

"निदान चाखून तरी बघ, आई."

"आधी त्यांनी."

फोन वाजला. धाकटे दीर, बजरंगराव. "वहिनी, निघा आता. बाराच्या आत व्हायला हवं."

"उघडल्यावर तिला तासभर हवा लागू द्यावी लागते."

"वहिनी!"

"निघतो."

गाडीत तिने जग मांडीवर धरला होता. खड्डा दिसला की शुभंकर वेग कमी करी. ती खिडकीबाहेर पाहत होती, पण कर्वे रस्ता कधी संपला ते तिला कळलं नाही.

बजरंगराव आणि चार नातेवाईक आधीच येऊन उभे होते. जग पाहून बजरंगरावांच्या भुवया चढल्या. "इथे हे शोभतं का?"

"त्यांनी मागितली होती," कुसुम म्हणाली.

तिने छोटा पेला अर्धाच भरला. पोर्ट काठोकाठ ओतायची नसते. पेला ठेवून ती इतरांबरोबर मागे सरकली.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. बजरंगराव पुन्हा पुन्हा घड्याळ पाहत होते.

"आई, ऊन लागतंय तुला. दुसरं काही करू या का?" शुभंकरने हळूच विचारलं.

कुसुम दोन पावलं पुढे झाली. तिने हात जोडले.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तेव्हाच द्यायला हवी होती. घ्या आता."

घाटाच्या भिंतीवरून एक कावळा खाली उतरला, भाताच्या पिंडांना वळसा घालून थेट पेल्यापाशी आला आणि त्याने चोच बुडवली.